प्रोटोकॉल-कुले आणि कर्नेलची नोंदवही

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांस 'कुल' ही संज्ञा परिचयाची आहे. भाषाकुल म्हटले की समान पूर्वज, ध्वनिपरिवर्तनाचे नियम आणि त्या नियमांनी सिद्ध होणारी शब्दसाम्ये यांचा आधार अभिप्रेत असतो. मराठी आणि हिंदी एका कुलातील, मराठी आणि कन्नड भिन्न कुलांतील, हे विधान त्या भाषांच्या आजच्या सारखेपणाविषयी नसून त्यांच्या वंशाविषयी असते. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही 'कुल' ही कल्पना रूढ असून ती 'प्रोटोकॉल-कुल' या नावाने ओळखली जाते. परंतु तेथे वंश नाही आणि पूर्वजही नाही. एका कुलातील प्रोटोकॉल एकत्र मानले जातात ते मुख्यतः एका कारणाने: ते सर्व एकाच घडणीचा पत्ता वापरतात. भाषाकुलापेक्षा ही कल्पना एकाच वाड्यात राहणाऱ्या बिऱ्हाडांना अधिक जवळची आहे. बिऱ्हाडांची आडनावे निरनिराळी असतील, व्यवसाय निरनिराळे असतील. पत्राच्या पाकिटावर मात्र वाड्याचे नाव एकच लिहावे लागते.

या कुलांची व्यवस्था ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, कशी ठेवली जाते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. विषय तांत्रिक असला तरी त्यातील मूळ प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. ज्याचे अंतरंग आपल्याला ठाऊक नाही अशा परक्याला घरात घेताना कोणत्या किमान गोष्टी विचारल्या पाहिजेत, आणि त्याचे काम संपल्यावर त्याला निरोप कसा द्यावा, असा तो प्रश्न आहे.

कर्नेलच्या स्थानाविषयी दोन शब्द येथे आवश्यक आहेत. स्मृती, डिस्क, नेटवर्कचे कार्ड या सर्वांवर पूर्ण अधिकार असलेला प्रणालीचा भाग म्हणजे कर्नेल. इतर सर्व प्रोग्राम आपल्या मर्यादित कक्षेत चालतात आणि कक्षेबाहेरचे काही हवे असल्यास कर्नेलकडे विनंती करतात. एखाद्या सामान्य प्रोग्राममध्ये दोष असेल तर बहुधा तो प्रोग्राम तेवढा बंद पडतो. कर्नेलमध्ये दोष असेल तर त्या दोषाच्या वाटेने सगळा संगणक दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो. म्हणून कर्नेलच्या आत वस्ती करणाऱ्या प्रत्येक ओळीची जोखीम बाहेरच्या ओळीहून निराळ्या मापाने मोजावी लागते. प्रोटोकॉल-कुले ही बहुतांशी या गाभ्यातच राहतात.

आज जी व्यवस्था सर्वत्र दिसते तिचा उगम १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने, अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील संशोधनसंस्थेच्या अर्थसाहाय्याने, ही आवृत्ती सिद्ध केली. इंटरनेटचे प्रोटोकॉल त्या वेळी विजयी ठरलेले नव्हते. झेरॉक्स कंपनीची पप ही पद्धती होती, एमआयटीचे केऑसनेट होते, सार्वजनिक दूरसंचार-जाळ्यांसाठी आखलेली एक्स.२५ होती. यांपैकी कोणती टिकेल हे सांगणे कठीण होते, आणि बर्कलीच्या गटाने ते भाकीत करण्याचे टाळले. प्रत्येक कुलाला एक क्रमांक द्यावा, प्रोग्रामने सॉकेट मागताना तो क्रमांक सांगावा, आणि पुढचे सर्व त्या त्या कुलाने पाहावे, अशी रचना त्यांनी केली. सॉकेट म्हणजे संभाषणाचे एक टोक. प्रोग्रामच्या हाती असलेली ती एक मूठ होय. क्रमांकांच्या पहिल्या यादीतच १ हा एकाच संगणकातील प्रोग्रामांच्या आपसांतील संभाषणाला, २ हा इंटरनेटला, ४ हा पपला, ५ हा केऑसनेटला आणि १० हा एक्स.२५ च्या कुलाला दिलेला आढळतो. यांतील कित्येक क्रमांकांमागे त्या दिवशी कोडची एकही ओळ नव्हती. म्हणजे नावे आधी मांडली गेली, माणसे नंतर यायची होती.

पत्त्याच्या बाबतीतही हाच अलिप्तपणा दिसतो. कुलागणिक पत्त्याचा आकार वेगळा असतो. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता ४ बाइटांचा आणि सहाव्या आवृत्तीचा १६ बाइटांचा असतो, तर स्थानिक कुलाचा पत्ता म्हणजे फाइलचे नाव, ज्यासाठी लिनक्समध्ये १०८ बाइटांची जागा आहे. या सर्वांसाठी बर्कलीने एक साधे पाकीट ठरविले: आरंभी २ बाइटांत कुलाचा क्रमांक, त्यानंतर १४ बाइट मजकूर. चौदा बाइट पुढे अर्थातच अपुरे ठरले. लिनक्स कर्नेल आज १२८ बाइटांपर्यंतचे पाकीट स्वीकारते. मात्र मूळ पद्धत बदलली नाही. कर्नेलचा सर्वसाधारण स्तर पाकिटाची लांबी मोजतो, ते आपल्या कक्षेत उतरवून घेतो आणि न वाचता संबंधित कुलाच्या स्वाधीन करतो. आतला मजकूर अर्थपूर्ण आहे की नाही, एवढेच नव्हे तर पाकिटावरचा कुल-क्रमांक बरोबर आहे की नाही, हेही ते कुलच तपासते.

येथे एका शब्दभेदाची हकिगत सांगण्यासारखी आहे. बर्कलीच्या रचनेत 'पत्ता-कुल' आणि 'प्रोटोकॉल-कुल' अशा दोन वेगळ्या संज्ञा होत्या. एकाला 'एएफ' हे उपपद, दुसऱ्याला 'पीएफ'. एकाच प्रोटोकॉल-कुलात पुढे निरनिराळ्या घडणीचे पत्ते चालतील, तेव्हा हा भेद उपयोगी पडेल, अशी अपेक्षा त्यामागे होती. ती कधीच फळाला आली नाही. दोन्ही याद्यांतील क्रमांक आरंभापासून समान राहिले. लिनक्सच्या शीर्षक-फाइलीत तर प्रत्येक 'पीएफ' नावाची व्याख्या सरळ त्याच्या 'एएफ' नावाने केलेली आहे. पुढे पॉझिक्स प्रमाणकाने 'एएफ' तेवढे ठेवले. अर्थभेद दाखविण्यासाठी योजलेले दोन शब्द वापरात एकार्थी झाले आणि त्यांतील एक मागे पडला, ही घटना भाषेच्या इतिहासात नित्याची आहे. तथापि या विशिष्ट विलयातून एक गोष्ट कळते. पत्त्याची घडण हेच कुलाचे खरे लक्षण होते, आणि त्याहून निराळे असे 'प्रोटोकॉल-कुल' वस्तुतः अस्तित्वातच नव्हते.

क्रमांकांचे स्वरूप मात्र शुद्ध सांकेतिक आहे. पाणिनीने दा आणि धा या रूपांच्या धातूंस 'घु' ही संज्ञा दिली. 'घु' या वर्णांना स्वतःचा काही अर्थ नाही. व्याकरणाच्या आत त्यांनी एक गट दाखवावा, इतकेच त्यांचे प्रयोजन. कुल-क्रमांक हे असेच 'घु' आहेत. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचा क्रमांक २ सर्व प्रमुख प्रणालींत समान राहिला, तो बर्कलीचा वारसा म्हणून. परंतु सहावी आवृत्ती आली तोपर्यंत प्रणालींचे संसार वेगळे झाले होते. लिनक्सने तिला १० हा क्रमांक दिला. फ्रीबीएसडीमध्ये १० ही जागा एक्स.२५ च्या कुलाने १९८३ पासून अडवलेली, म्हणून तेथे २८. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्ये २४, ॲपलच्या मॅकओएसमध्ये ३०, विंडोजमध्ये २३. उलटपक्षी २३ या एकाच क्रमांकाचे तीन अर्थ झाले: विंडोजमध्ये इंटरनेटची सहावी आवृत्ती, फ्रीबीएसडीमध्ये नॉव्हेल कंपनीची आयपीएक्स पद्धती, आणि लिनक्समध्ये अवरक्त किरणांनी चालणारे आयआरडीए.

एवढा विसंवाद असूनही जगाचे व्यवहार अडत नाहीत, कारण हे क्रमांक सहसा तारेवर जातच नाहीत. ते प्रोग्राम आणि त्याचे स्वतःचे कर्नेल यांच्यातील घरगुती बोली आहेत. तारेवरील पॅकेटाच्या माथ्यावर निराळे, सर्वमान्य क्रमांक असतात; ईथरनेटवर चौथ्या आवृत्तीचा २०४८ आणि सहाव्या आवृत्तीचा ३४५२५ हा क्रमांक सर्व जगात एकच आहे. घरगुती बोली चुकून बाहेर पडली की काय होते, याचे एक उदाहरण उपलब्ध आहे. बीएसडी घराण्यातील प्रणालींवर संगणकाच्या स्वतःशीच चाललेल्या संभाषणाची नोंद फाइलीत उतरविताना प्रत्येक पॅकेटाच्या आरंभी ४ बाइटांत कुल-क्रमांक लिहिला जातो. ती फाइल दुसऱ्या प्रणालीवर उघडणाऱ्या प्रोग्रामला मग २४, २८ आणि ३० हे तिन्ही क्रमांक सहाव्या आवृत्तीचेच समजून घ्यावे लागतात. ते ४ बाइट मूळ संगणकाने कोणत्या क्रमाने मांडले असतील, याचाही विचार त्याला करावा लागतो.

आता कर्नेलच्या अंतर्भागाकडे वळू. उदाहरणासाठी लिनक्स घेणे सोयीचे, कारण त्याचे कोड सर्वांस वाचावयास खुले आहे. कुलांची नोंदवही म्हणजे तेथे एक साधी सारणी आहे. तिच्यात घरे आहेत, आणि घराचा अनुक्रम हाच कुलाचा क्रमांक. २०२१ मध्ये एमसीटीपी या कुलाला ४५ हा क्रमांक मिळाला तेव्हा सारणी शून्यापासून धरून ४६ घरांची झाली. प्रत्येक घरात, कुल हजर असल्यास, एका नोंदीचा निर्देश असतो. या नोंदीत किती माहिती असावी? तीनच रकाने आहेत. कुलाचा क्रमांक; नवे सॉकेट घडविणाऱ्या क्रियेचा पत्ता; आणि ज्या मॉड्यूलमध्ये ते कोड आहे त्या मालक-मॉड्यूलचा निर्देश. पत्ता कसा वाचावा, पॅकेट कसे बांधावे, हरवलेले पुन्हा केव्हा पाठवावे, यांपैकी काहीही नोंदवहीत नाही. 'तू कोण, तुझे दार कोणते, आणि तुझी हमी कोणाची', एवढे तीन प्रश्न कर्नेल विचारते.

नोंद होण्याची रीत त्याहून साधी आहे. कुल आपली नोंद घेऊन येते. क्रमांक सारणीच्या मर्यादेबाहेर असेल तर ते परत पाठविले जाते. घर आधीच भरलेले असेल तर 'असे कुल आहेच' या अर्थाची त्रुटी मिळते. एरवी कुलूप लावून, निर्देश लिहून, कुलूप काढले जाते. आलेले कोड खरोखर त्या कुलाचे आहे की नाही, याची तपासणी येथे नाही. जो प्रथम येईल त्याचे घर. एवढा विश्वास टाकता येतो, कारण कर्नेलमध्ये मॉड्यूल चढविण्याचा अधिकार मुळातच प्रशासकापुरता मर्यादित असतो. या शेवटच्या वाक्यातील आधार पूर्वी वाटत होता तितका भक्कम नाही, हे पुढे दिसेल.

बीएसडीची मूळ पद्धत थोडी वेगळी होती. तेथे कुलाला 'डोमेन' म्हणत, सर्व डोमेन एका साखळीत ओवलेले असत, आणि प्रत्येकाबरोबर त्यातील प्रोटोकॉलांचा तक्ता जोडलेला असे. त्या तक्त्यात ठरावीक काळाने बोलावयाच्या क्रियाही असत. कर्नेल दर २०० आणि दर ५०० मिलिसेकंदांनी साखळीभर फिरून प्रत्येक प्रोटोकॉलला जागे करी. म्हणजे बीएसडीच्या कर्नेलला कुलांच्या अंतर्गत जीवनाची थोडी अधिक माहिती होती. लिनक्सने हे सर्व कुलांच्या पदरात टाकले. याला प्रगती म्हणावे की केवळ रुचिभेद, यावर दुमत होईल. परंतु कुले जसजशी विजातीय होत गेली तसतशी लिनक्सची अल्पभाषी नोंदवही अधिक सोयीची ठरली, यात संशय नाही. उदाहरणार्थ, ३८ क्रमांकाच्या कुलाचा नेटवर्कशी काही संबंधच नाही. प्रोग्रामने कर्नेलमधील गूढलेखनाच्या क्रिया वापराव्यात यासाठी ते केलेले आहे. सॉकेट उघडावे, मजकूर लिहावा, गूढ रूपात परत वाचावा. पलीकडे दुसरे कोणी नाही. पाणिनीच्या शास्त्रात 'नदी' ही संज्ञा ईकारान्त-ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांची आहे आणि तिचा पाण्याशी संबंध नाही. ३८ व्या कुलाचा 'नेटवर्क'शी असलेला संबंध त्याच जातीचा आहे.

प्रोग्राम सॉकेट मागतो तेव्हाचा क्रम असा. क्रमांक मर्यादेत आहे का हे प्रथम पाहिले जाते. मग सुरक्षा-नियमांची परवानगी घेतली जाते. मग कोरे सॉकेट तयार होते. मग सारणीतील घर उघडून पाहिले जाते. घर भरलेले असेल तर मालक-मॉड्यूलच्या नावे एक धारणा नोंदविली जाते, म्हणजे 'याचे काम चालू आहे, याला हलवू नये' अशी खूण, आणि कुलाची घडविणारी क्रिया बोलावली जाते. ती क्रिया कोऱ्या सॉकेटवर आपल्या क्रियांचा संच बसविते: बांधणे, जोडणे, ऐकणे, पाठविणे, घेणे. या क्षणानंतर सारणीचे काम संपते. त्या सॉकेटवरचा पुढचा प्रत्येक व्यवहार थेट कुलाकडे जातो. सॉकेट मिटेपर्यंत मॉड्यूलवरील धारणा कायम राहत असल्याने, ज्याचे एखादे सॉकेट उघडे आहे ते कुल कर्नेलमधून उतरविता येत नाही.

कुल निघून जाताना एक सूक्ष्म अडचण येते. सारणी वाचणारे असंख्य आणि लिहिणारे क्वचित, म्हणून वाचणाऱ्यांना कुलूप लावावयास लावणे महाग पडते. लिनक्समध्ये ते कुलपाशिवाय वाचतात. मग एखाद्या वाचकाने नोंदीचा निर्देश नुकताच उचलला आहे, मॉड्यूलवर धारणा अद्याप ठेवलेली नाही, आणि तेवढ्यात ते कुल घर रिकामे करून निघाले, तर वाचकाच्या हाती पाडून टाकलेल्या घराची किल्ली राहील. यावरचा उपाय असा की निघणाऱ्या कुलाने प्रथम घर रिकामे करावयाचे, म्हणजे नवा वाचक त्याला पाहू शकत नाही. आणि नंतर, त्या क्षणापूर्वी वाचावयास बसलेला प्रत्येक जण उठेपर्यंत, थांबून राहावयाचे. त्यानंतरच मॉड्यूलची स्मृती मोकळी होते. 'आरसीयू' या नावाने ओळखली जाणारी ही शिस्त कर्नेलमध्ये अनेक ठिकाणी वापरली जाते, परंतु तिचे इतके लहान आणि निर्भेळ उदाहरण दुसरीकडे सहज सापडणार नाही. विद्यार्थ्यांनी ते मूळ कोडमध्ये अवश्य वाचावे. जेमतेम काही ओळींचे आहे.

कुल येते तेव्हाही क्रमाला महत्त्व असते, कारण कुलाला दोन दारे आहेत. वरचे दार प्रोग्रामांकडे उघडते. त्याची नोंद वरील सारणीत. खालचे दार नेटवर्कच्या कार्डाकडे उघडते. त्याची नोंद दुसऱ्याच एका यादीत, ईथरनेटच्या सर्वमान्य क्रमांकांनुसार. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीचे कुल यंत्र सुरू होताना प्रथम वरच्या दाराची नोंद करते, नंतर आपले अंतर्गत प्रोटोकॉल आणि तक्ते सिद्ध करते, आणि बाहेरची पॅकेटे घेणारे खालचे दार शेवटी उघडते. घर लावून झाल्याशिवाय पाहुणे आत घेऊ नयेत, हे योग्यच. परंतु वरचे दार इतक्या लवकर का उघडावे? सहाव्या आवृत्तीच्या कोडमध्ये याचे कारण दिलेले आहे: पुढील तयारीच्या क्रियांना स्वतःच सॉकेट लागतात. आणि त्या खुलाशाला लागूनच, हे धोक्याचे तर नाही ना, असा प्रश्न कोड लिहिणाऱ्याने कंसात मांडून ठेवला आहे. त्या कंसाला कोणी उत्तर दिलेले नाही, आणि काढूनही टाकलेले नाही.

दोन दारांच्या स्वभावात एक मोठा फरक आहे. खालच्या दाराशी अनोळखी क्रमांकाचे पॅकेट आले आणि त्याचा धनी कोणी निघाला नाही, तर ते टाकून दिले जाते. त्याच्यासाठी कोणाला बोलावणे धाडले जात नाही. वरच्या दाराशी मात्र प्रोग्रामने असा क्रमांक उच्चारला की ज्याचे घर रिकामे आहे, तर कर्नेल लगेच 'नाही' म्हणत नाही. ते 'नेट-पीएफ' या उपपदाला तो क्रमांक जोडून एक नाव तयार करते आणि त्या नावाचे मॉड्यूल डिस्कवरून आणविण्याचा प्रयत्न करते. मॉड्यूल सापडले तर ते चढते, आपली नोंद करते, आणि प्रोग्रामला त्याचे सॉकेट मिळते. सोय म्हणून ही योजना उत्तम होती. वितरण तयार करणाऱ्यांनी सर्व कुले मॉड्यूलांच्या रूपाने डिस्कवर ठेवावीत, आणि ज्याला जे लागेल ते त्याच्या पहिल्या हाकेसरशी यावे. न लागणाऱ्याचा भार स्मृतीवर पडू नये.

परंतु या हाकेसाठी अधिकार लागत नाही. मॉड्यूल चढविण्याचा हक्क प्रशासकाचा, हे वर सांगितलेच आहे; येथे कोणताही सामान्य प्रोग्राम केवळ एक क्रमांक उच्चारून प्रशासकाच्या अधिकाराने मॉड्यूल चढवून घेतो. नोंदवहीचा सगळा विश्वास ज्या आधारावर उभा होता तो आधारच अशा रीतीने निसटला. डिस्कवर निपचित पडलेले, वर्षानुवर्षे कोणी न वाचलेले कोड संगणकातील सर्वांत अधिकारसंपन्न स्थानी आणून बसविण्याची किल्ली प्रत्येकाच्या हाती होती.

याचा प्रत्यय २०१० मध्ये आला. १९ क्रमांकाचे कुल इकोनेटचे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी शाळांतील बीबीसी मायक्रो या संगणकांसाठी ही जोडणी तयार केली होती. २०१० साली तिचा वापर करणारे यंत्र सामान्य कार्यालयात आढळणे अशक्यप्राय होते. तिचे कोड मात्र काही वितरणांबरोबर सर्वत्र जात होते. नेल्सन एल्हेज यांनी त्यात अनेक दोष दाखवून दिले. एक असा की संगणकाच्या कोणत्याही साध्या जोडणीला इकोनेटचा पत्ता देण्यासाठी प्रशासकाचा अधिकार तपासलाच जात नव्हता. त्यामुळे इकोनेटचे यंत्र असण्याचीही गरज उरली नाही. दुसरा असा की संदेश विशिष्ट रीतीने पाठविल्यास कर्नेल रिकामा निर्देश वापरू पाही आणि तो प्रोग्राम तत्क्षणी बंद पडे. एवढ्याने फार तर एक प्रोग्राम मेला असता. परंतु एल्हेज यांनाच इकोनेटशी संबंध नसलेला, कर्नेलच्या मध्यवर्ती भागातील आणखी एक दोष सापडला होता. प्रोग्राम संपताना कर्नेल त्याने आधी सांगून ठेवलेल्या जागी एक शून्य लिहिते. आणि प्रोग्राम अशा अपघाताने संपला तर ती जागा प्रोग्रामच्याच कक्षेतील आहे की नाही, याची तपासणी सैल पडलेली असू शके. अर्थात ते शून्य कर्नेलच्या स्मृतीत हव्या त्या ठिकाणी लिहविता येई. डॅन रोझेनबर्ग यांनी त्या वर्षीच्या डिसेंबरात हे तिन्ही दोष एकत्र गुंफून सामान्य वापरकर्त्याला प्रशासक बनविणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यातील इकोनेटचा वाटा म्हणजे केवळ ठेच लागण्यासाठी ठेवलेला दगड होय. तो दगड रस्त्यात कोणी ठेवला, असे विचारले तर उत्तर एकच: एकोणीस हा क्रमांक उच्चारणाऱ्याने.

जुन्या कुलांपुरताच हा धोका होता असे मात्र नाही. त्याच वर्षी आरडीएस या त्या मानाने नव्या, २१ क्रमांकाच्या कुलातही, प्रोग्रामने दिलेला स्मृतीतील पत्ता न तपासता त्यावर लिहिण्याचा दोष निघाला, आणि त्याचाही परिणाम तोच. वापर थोडा असणे ही दोन्हींतील समान गोष्ट आहे. जे कोड रोज लाखो यंत्रांवर चालते त्याचे दोष वापरामुळेच उघडे पडतात. जे कोड कोणी चालवीत नाही त्याचे दोष शोधणारा बहुधा वाईट हेतूचाच असतो. चालू भाषेतील चूक ऐकणारा सुधारतो, पोथीतील अपपाठ मात्र पुढचा कोणी पोथी उघडेपर्यंत तसाच राहतो.

यानंतर उबुंटूसारख्या वितरणांनी दुर्मिळ कुलांची एक यादी करून त्यांची स्वयंचलित हाक बंद केली. एक्स.२५, रोज, नेटरॉम, डेकनेट, इकोनेट, आरडीएस ही त्यातील काही नावे. उपाय अत्यंत साधा आहे: 'नेट-पीएफ-१९' या नावापुढे 'बंद' असे लिहावयाचे. मॉड्यूल डिस्कवर राहते, प्रशासकाला हवे तर तो त्याला नावाने चढवू शकतो. अनाहूत क्रमांकाने मात्र ते येत नाही. यात कर्नेलची एक ओळही बदलावी लागली नाही. तरीही हा तोडगा वितरणागणिक आणि प्रशासकागणिक वेगळा राहतो, हे त्याचे वैगुण्य म्हणावे लागेल.

कुलाला मूळ कोडमधूनच काढून टाकणे हा दुसरा मार्ग. इकोनेट २०१२ मध्ये गेले. आयपीएक्स आणि आयआरडीए २०१८ मध्ये, आणि डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या डेकनेटची पाळी २०२२ मध्ये आली. काढून टाकण्याचा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो. जगात कोठेतरी एखाद्या संग्रहालयात किंवा कारखान्यात ते यंत्र चालू असण्याची शक्यता असते, आणि 'चालत असलेला प्रोग्राम मोडू नये' हे लिनक्सच्या परंपरेतील सर्वांत कडक पथ्य आहे. परंतु सांभाळणारा कोणी उरला नाही, की तेच कोड त्या पथ्यापेक्षा मोठ्या हानीचे कारण होऊ लागते. या तोलामध्ये इकोनेटचा निकाल लागण्यास २०१० च्या घटनेनंतरही सुमारे दीड वर्ष जावे लागले, ही गोष्ट बोलकी आहे.

क्रमांक मात्र कोणी परत घेत नाही. डेकनेटचे कोड गेले तरी शीर्षक-फाइलीत १२ हा आकडा त्याच्याच नावे राखून ठेवलेला आहे, तसेच १९ आणि २३. कारण कोठेतरी पूर्वी घडविलेल्या प्रोग्रामच्या पोटात तो आकडा कोरलेला असतो, आणि उद्या ती जागा नव्या कुलाला दिली तर तो प्रोग्राम भलत्याच कुलाचे सॉकेट घेऊन जुन्या घडणीचा पत्ता त्याच्या हाती देईल. म्हणून नवी कुले यादीच्या शेवटी येतात आणि गेलेल्यांची घरे रिकामीच राहतात. आज लिनक्सवर १२ क्रमांकाचे सॉकेट मागणाऱ्या प्रोग्रामला ९७ क्रमांकाची त्रुटी मिळते. तिचा अर्थ 'हे पत्ता-कुल येथे चालत नाही'. ज्या क्रमांकाला कधी कुलच नव्हते, ज्याचे मॉड्यूल डिस्कवर ठेवलेले नाही, ज्याची हाक प्रशासकाने बंद केली आहे, आणि ज्याचे कोड २०२२ साली काढले गेले, त्या सर्वांसाठी हे ९७ एकच आहे. मागणाऱ्याला त्यातून भेद कळत नाही.